पाठीवरचा इतिहास

मार्व्याहून बोटीनं मनोरीला गेलं की आपण समुद्र पाहतो, चर्च पाहतो. मला वाटतं, या गावाचा इतिहास माणसांच्या पाठीतूनही वाचायला हवा. डोल जाळं ओढायचं, मान खाली घालून ते तासन्‌तास सांधायचं, बोंबील वाळत घालायचे आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. पिढ्यान्‌पिढ्या हे काम पाठीनंच पेललं.

पाठीच्या वरच्या भागातल्या 12 मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात, म्हणून तो भाग भक्कम. पण मान सतत पुढे झुकली की डोक्याचा भार मानेच्या आणि फऱ्यांमधल्या स्नायूंवर येतो. ते थकतात, आखडतात.

इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ काढला, 1713 साली तो वाढवला. त्यात ओझी वाहणारे हमाल आहेत, तसेच बसून काम करणारे शिंपी आणि चांभारही. रोग्याला ‘तू काम काय करतोस?’ हे वैद्यानं विचारलंच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

हा प्रश्न कायद्यानं विचारायला मात्र फार वेळ लागला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1967 साली एका पुरुषानं वाहायच्या ओझ्याची शिफारस 55 किलोपर्यंत ठेवली. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 साली माथाडी कायदा आला. हमालांना मंडळं आणि कल्याणाच्या सोयी मिळाल्या. पण तो मजुरीनं ओझं वाहणाऱ्यांसाठी. स्वतःच्या मासळीची पाटी स्वतःच वाहणारी कोळीण त्याच्या बाहेरच राहिली.

आज ओझं न उचलणारेही मोबाइलवर मान वाकवून तीच कळ सोसतात. दोघांनाही उपाय एकच: एका स्थितीत फार वेळ राहू नये. अर्ध्या तासानं उठावं, खांदे मागे घ्यावेत, चालावं. शेकानं आराम पडतो. अंथरुणाला खिळून राहू नये. ओझं वाहणाऱ्यानं ते शक्य तर दोन खेपांत वाटावं. मात्र छातीत दाब, धाप, ताप, पायात बधिरपणा असेल किंवा पडल्यानंतर दुखत असेल, तर तडक डॉक्टरांकडे जावं.

मलम पाठीला लावता येतं. काम सुसह्य करणं मात्र समाजाच्या हाती असतं.