खाडीमुखावरचा पहारा

दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे समोर पनवेलची खाडी दिसते. जवळच, झाडाझुडपांत, बेलापूर किल्ल्याचे अवशेष आहेत. नव्या मुंबईच्या उंच इमारतींपुढे त्यांच्याकडे सहसा कोणाची दृष्टी वळत नाही. परंतु एके काळी हा किल्ला एका सागरी साम्राज्याच्या साखळीतील दुवा होता.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्या काळी साष्टी हे बेटच होते. पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस वसईची, पश्चिमेस समुद्र. पोर्तुगिजांची सत्ता जमिनीपेक्षा पाण्यावर होती. तारवांना परवाने द्यावेत, जकात वसूल करावी आणि जिथे जलमार्ग अरुंद होतो तिथे तोफा ठेवाव्यात, अशी ती रीत. वसई, ठाणे, करंजा येथे त्यांची ठाणी होती. पूर्वी सिद्दींकडे असलेले बेलापूर १६८२ साली त्यांच्या हाती आले. धान्य, दारूगोळा, शिबंदी सारे गलबतांतून येई. तट दगडाचा असला तरी त्याचा प्राण समुद्रात होता.

हेच त्यांचे वर्म ठरले. १७३७ साली मराठे साष्टीत उतरले, तेव्हा ठाण्याचा नवा किल्ला अपुराच होता. ठाणे गेले, अर्नाळ्याचे बेटही गेले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईला निकराचा वेढा घातला. गोव्यावरही मराठी फौजा चालून गेल्या होत्या. तिथून पुरेशी कुमक येईना. सुरुंगांनी बुरूज उडाला आणि मे महिन्यात वसई शरण आली.

अधिकारी व शिबंदी गलबतांत बसून निघून गेली. मागे उरले ते आपले पूर्वज, शेतकरी आणि मच्छीमार. त्यांना ना तट होता, ना तोफ. तहात धर्मपालनाची मोकळीक मिळाली होती. तरी रोजची श्रद्धा घरोघरीच जपावी लागली. राजसत्तेच्या छायेत धर्म आला, तेव्हा मंदिरेही पडली, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण ती छाया सरल्यावरही श्रद्धा टिकली, हेही तितकेच सत्य आहे.

१२७ व्या स्तोत्रातील पहारेकरी आपणांस ठाऊक आहे. बेलापूरचे ढासळलेले दगड पाहताना त्याची आठवण होते. आपला वारसा त्या तटात शोधू नये. तट पडल्यावर जे उरले, त्यात शोधावा.