समलिंगी-पारलिंगी समता : लोकसेवा जाहिरात

समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी व्यक्तींच्या समान हक्कांकडे लोकमत वळवण्यासाठी केलेला, विक्रीचा हेतू नसलेला लघुसंदेश.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने 2013 मध्ये ‘फ्री अँड इक्वल’ ही मोहीम सुरू केली. तिची ‘द वेलकम’ ही संगीतचित्रफीत एप्रिल 2014 मध्ये मुंबईत प्रकाशित झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये कलम 377 पुन्हा लागू केल्यानंतरचे हे महिने होते (→ भारतीय दंड संहिता). कुटुंबाच्या समारंभाला तरुण आपल्या जोडीदाराला घेऊन येतो, एवढेच तिचे कथानक. कायद्याचा शब्दही नाही.

रचनेचे मर्म ओळख उशिरा उलगडण्यात असते. 2017 मधील विक्सच्या चित्रफितीत वसतिगृहाकडे निघालेली मुलगी बसमध्ये आपल्या आईविषयी सांगत राहते; ती आई तृतीयपंथी असल्याचे प्रेक्षकाला उशिरा कळते. तोवर त्याने तिला आई म्हणून स्वीकारलेले असते. ही भूमिका मुंबईच्या कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी स्वतःच केली. दिग्दर्शन नीरज घायवान यांचे. उत्पादनाची जाहिरात असूनही ती या प्रकाराचा सर्वांत नेमका नमुना ठरते.

बंजारा वस्ती असलेल्या पुसदसारख्या तालुक्याच्या गावी असा संदेश मराठीबरोबर बंजारा बोलीतही हवा (→ पुसद, बंजारा). ‘तृतीयपंथी’ हा शब्द सर्वपरिचित आहे. ‘समलिंगी’ मात्र घरात क्वचितच उच्चारला जातो, म्हणून नात्यातून सुरुवात करणे परिणामकारक.

सप्टेंबर 2018 मध्ये प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. विवाहाचा हक्क न्यायालयाने 2023 मध्ये नाकारला (→ विवाह).