सायलेन्सरमागचा तळहात

पिरंगुट मागं टाकून तू कासार आंबोलीपाशी थांबतोस. समोरून कंपन्यांच्या बस, टेम्पो, मोटारी सारख्या धावताहेत. डोळे मीट. कारखान्यांची पत्र्याची छपरं पुसून टाक, मुलींची सैनिकी शाळा पुसून टाक, रस्ता अरुंद कर आणि कडेला खाचरं पसर.

आता उघड. नोव्हेंबर 1974. तू बारा वर्षांचा आहेस, रविवार म्हणून शाळा नाही, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली आहेस, आणि सगळे तुला बारक्या म्हणतात. खळ्यावर आंबेमोहोर झोडपतायत, त्याचा वास थेट रस्त्यापर्यंत येतोय. त्या वासात एकदम पेट्रोलचा उग्र दर्प मिसळतो. चिंचेखाली राखाडी फियाट उभी आहे आणि मागून काळा धूर ओकतेय.

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली ही गाडी, 1089 सीसीची. कारखाना आता तिला पद्मिनी म्हणू लागलाय, पण रस्त्यावर ती फियाटच. मुंबईचे साहेब आणि बाईसाहेब मुळशीचं धरण बघायला निघालेत. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी बंद पडते. साहेबांना जास्त चिंता पेट्रोलची. गेल्या वर्षी अरब देशांनी तेल अडवल्यापासून भाव असे चढलेत की काळा धूर म्हणजे डोळ्यांदेखत जळणाऱ्या नोटा.

मिस्त्री गाडीकडं बघत नाहीत, आधी ऐकतात. साहेब बोट दाखवतात, "कार्बोरेटर गेला वाटतं."

"त्याला हात शेवटी लावायचा, सायेब. दुसऱ्याचं पाप त्याच्या माथी येतं."

पहिल्यांदा प्लग निघतात. चारही काजळलेले, कोरडी काजळी. नीट जळणाऱ्या गाडीचा प्लग दुधाच्या कॉफीच्या रंगाचा असतो. पांढराफटक दिसला तर पेट्रोल कमी पडतंय. तू ते घासून देतोस. मग पॉइंटची फट तपासली जाते, ती बरोबर आहे. चोक पूर्ण उघडतोय. आता कुठं सोलेक्स कार्बोरेटरचं झाकण निघतं. मिस्त्री जेट काढून तोंडानं फुंकतात. तू हौसेनं तारेचा तुकडा पुढं करतोस आणि तुझ्या हातावर चापट बसते.

"भोक मोठं करतो का?"

जेटवर कोरलेला आकडा म्हणजे त्या भोकाचं माप, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. तारेचा एक ओरखडा पुरतो. मग जन्मभर गाडी जास्त पिते. ही चापट तुला आयुष्यात उपयोगी पडणार आहे.

सगळं जागच्या जागी बसतं. इंजिन पुन्हा चांगलं तापू देतात, कारण थंड इंजिनावर लावलेलं स्लो, म्हणजे पाय काढल्यावरची चाल, खोटं असतं. दोन स्क्रू आहेत. एक हवेचा पडदा किती उघडा राहील ते ठरवतो, दुसरा, स्प्रिंगवाला, स्लोचं मिश्रण. मिस्त्री दुसरा हलकेच बसेपर्यंत आत घेतात, जोर न लावता, आणि दीड फेरा बाहेर.

"बारक्या, मागं."

हेच तुझं काम. सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर तळहात धर. गरम, ओलसर वारा हातावर आपटतोय. सेकंदाला पंचवीसएक ठोके, मोजायला गेलास तर जमणार नाही. पण एक जरी चुकला तरी त्या थरथरीत खाच पडते आणि ती हाताला लगेच कळते.

"खाच हाये!" तू ओरडतोस.

स्क्रू पाव फेरा आत. खाच विरळ होते. अजून थोडा. थरथर एकसारखी होते, इंजिन आपणहून वर चढतं. अजून आत, तर ते लंगडू लागतं, हातावरचा वारा तुटतो. पुन्हा केसभर बाहेर. हाच तो बिंदू. आता पहिल्या स्क्रूनं वेग उतरवला की बॉनेटवर ठेवलेला पाना खुळखुळायचा थांबतो. तुझा तळहात काळा आहे, पण धूर गेलाय.

"मुंबईत तर ठीक चालत होती," साहेब म्हणतात.

"खालची गाडी वर आली की काळं वकतीच."

मिस्त्री एवढंच बोलतात, कारण त्यांच्या हातांना ते पाठ आहे. पुण्याकडचा हा भाग समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही. ती गळ्यातून जितक्या वेगानं जाते त्या मानानं तो पेट्रोल ओढू देतो. हवा हलकी, पेट्रोल जवळजवळ तेवढंच, म्हणून काजळी.

आणि हीच उंची तर साहेब बघायला चाललेत. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला कोसळतं, 1927 पासून तिथं वीज होते आणि मुंबईला जाते. मिस्त्रींच्या वडिलांचं गाव त्या पाण्याखाली आहे. धरणाविरुद्धच्या सेनापती बापटांच्या सत्याग्रहात, 1921 साली, वडील उभे होते. ही गोष्ट मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. तुला सांगितलीय, एकदाच, जेट धुताना.

साहेब पैसे देतात. हँडलजवळचा गिअर पहिल्यात पडतो. मिस्त्री खिडकीशी वाकतात.

"घाट उतरून घरी पोचलात की हा स्क्रू थोडा परत बाहेर घ्या. तिथली हवा जड हाय, गाडीला पेट्रोल कमी पडंल."

फियाट पौडाकडं निघते. तू काळा तळहात वर धरून तिचा आवाज ऐकत राहतोस. अंबडवेटच्या वळणापर्यंत त्यात एकही खाच नाही.