अल्कधर्मी आयनीकृत पाणी

अल्कधर्मी आयनीकृत पाणी : विद्युत् विच्छेदनाने पीएच मूल्य साधारणतः ८ ते १० पर्यंत वाढविलेले पिण्याचे पाणी.

असे पाणी तयार करणाऱ्या घरगुती यंत्रांचा प्रसार प्रथम जपानमध्ये झाला. तेथील आरोग्य मंत्रालयाने १९६५ मध्ये त्यांना मान्यता दिली, ती पचनाच्या तक्रारींपुरतीच.

यंत्रातील दोन विद्युत् अग्रांमध्ये सच्छिद्र पटल असते. ऋणाग्रापाशी हायड्रोजन वायू सुटून हायड्रॉक्साइड आयन उरतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियमचे आयनही तिकडेच ओढले जातात. हे पाणी पिण्यासाठी घेतात. धनाग्राकडील आम्लधर्मी पाणी वेगळ्या नळीने बाहेर पडते. क्षार जवळजवळ काढून टाकलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे ते यंत्रात फारसे बदलत नाही (पहा : विद्युत् विच्छेदन).

रक्तातील ‘आम्लता’ घटते, कर्करोग टळतो, वार्धक्य लांबते असे दावे विक्रेते करतात. रक्ताचा पीएच फुप्फुसे व मूत्रपिंडे ७.३५ ते ७.४५ दरम्यान राखतात. प्यालेले पाणी जठराम्लात उदासीन होते (पहा : आम्ल-अल्क समतोल). कर्करोगाबाबतच्या दाव्याला आधार नसल्याचे २०१६ मधील एका पद्धतशीर आढाव्यात आढळले. पीएच ८.८ च्या पाण्याने पेप्सिन हे जठरातील पाचक विकर निष्क्रिय होते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र त्याचा रुग्णांवरील पुरावा तोकडा आहे. मूत्रपिंडविकारात वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पेयजलाचा पीएच ६.५ ते ८.५ असावा (पहा : पेयजल).