वेळ आणि जागा : मुंबईच्या सांस्कृतिक जडणघडणीतील गिरणगावचे स्थान

प्रस्तावना

मुंबईच्या कलाजीवनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची पावले बहुधा कोट भागाकडे वळतात. १८५७ मध्ये सुरू झालेली सर ज. जी. कलाशाळा, व्हिक्टोरिया टर्मिनसवरील शिल्पकाम, १९४७ चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, १९५२ चे जहांगीर कलादालन आणि १९९९ पासून भरणारा काळा घोडा कला महोत्सव असा एक मार्ग आता जवळजवळ ठरून गेला आहे. हा मार्ग चुकीचा नाही. परंतु भायखळा, लालबाग, परळ, काळाचौकी, वरळी या पट्ट्यात वसलेल्या गिरणगावाने या शहराला जे चैतन्य दिले, त्याची दखल कामगार चळवळीच्या प्रकरणातील एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. कला एका प्रकरणात आणि कामगार दुसऱ्या प्रकरणात, अशी ही विभागणी आहे.

सामूहिक कलेला प्रतिभा लागतेच. पण त्याआधी दोन अगदी साध्या गोष्टी लागतात. एक मोकळा वेळ आणि दुसरी चार माणसे जमतील एवढी जागा. गिरणगावात या दोन्ही गोष्टी कोणी आपणहून दिल्या नाहीत. त्या बऱ्याच अंशी मागून, भांडून आणि काही वेळा देवाला नवस बोलून मिळवाव्या लागल्या. या दोन निकषांवर गिरणगावच्या सांस्कृतिक इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. राजनारायण चंदावरकर यांचे संशोधन आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला मौखिक इतिहास यांमुळे या विषयाची वाट मोकळी झाली, याचा येथे कृतज्ञतापूर्वक उल्लेख करणे आवश्यक आहे.

आश्रयातून उभी राहिलेली कला

प्रथम आश्रयाच्या परंपरेविषयी थोडक्यात. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा उभी राहिली. १८६५ मध्ये तेथे आलेले जॉन लॉकवुड किपलिंग हे वास्तुशिल्पाचे शिक्षक होते. याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले, नवी सार्वजनिक बांधकामे सुरू झाली आणि कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातांना काम मिळाले. क्रॉफर्ड मार्केट आणि पुढे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे व्हिक्टोरिया टर्मिनस (१८७८ ते १८८८) ही त्याची ठळक उदाहरणे होत. नगररचना, शिक्षण आणि कारागिरी यांची अशी सांगड या शहरात पुन्हा क्वचितच पडली.

१८७२ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम खुले झाले. त्यामागे डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांचे परिश्रम होते. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील दालनांत कारागिरांच्या मातीच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत. भारतीय हस्तव्यवसायांचे कौतुक करणारे हे दालन उभे राहत असतानाच, आसपासच्या परिसरात हातमागाच्या मुळावर येणाऱ्या सूतगिरण्यांची धुराडी उंच होत होती. या विसंगतीकडे संग्रहालयावरील लेखनात फारसे लक्ष दिले गेलेले नाही. आणखी एक गंमत अशी की, ज्या पुतळ्यामुळे काळा घोडा हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये मूळ चौकातून हलवून याच राणीच्या बागेत आणून ठेवण्यात आला. घोडा भायखळ्याला आला. नाव आणि महोत्सव मात्र दक्षिणेलाच राहिले.

वेळेचा लढा

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी केली. प्रारंभीच्या काळात गिरणीचा दिवस सूर्याबरोबर सुरू होई आणि सूर्याबरोबर संपे. आठवड्याची सुटी ही कल्पना रूढ नव्हती. अशा दिनक्रमात भजनाला, वाचनाला किंवा खेळ पाहायला माणसाने कधी बसावे? सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या तासांवर मर्यादा यांचा समावेश होता. ‘दीनबंधु’ पत्रातून त्यांनी हा विषय लावून धरला. १८९० मध्ये रविवारची सुटी मान्य झाली. कामगार चळवळीच्या इतिहासात या घटनेला मानाचे स्थान आहे. सांस्कृतिक इतिहासातही ते मिळावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गिरणगावात पुढे जे काही गायले आणि खेळले गेले, त्याला या रविवाराचा आधार होता.

त्यानंतर कामाचे तास कायद्याने टप्प्याटप्प्याने उतरले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी दहा आणि १९४८ मध्ये नऊ. गिरणगावातील कलापथकांचा भराचा काळ १९४० नंतरचा आहे, हे केवळ राजकीय वातावरणामुळे घडले असे म्हणता येत नाही. पाळी संपल्यावर अंगात थोडे त्राण उरू लागले होते, हेही एक कारण होय. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. परळच्या दामोदर नाट्यगृहाची उभारणी याच कार्यातून झाली. कामगार वस्तीच्या मध्यभागी नाटकाला कायमची इमारत मिळणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

जागेची टंचाई आणि तिच्यातून घडलेली कला

जागेची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. कोकण, सातारा, कोल्हापूर, अहमदनगर येथून आलेले बहुसंख्य कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. एकाच गावच्या मंडळींनी भाड्याने घेतलेली गावकीची खोली किंवा गाळा ही येथील खास व्यवस्था होती. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर अंग टाकी. सरकारने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून बीडीडी चाळींच्या २०७ इमारती बांधल्या. त्यांतही एका बिऱ्हाडाला एकच खोली होती. परिणामी जीवन घराबाहेर आले. गॅलरी, जिना, चौक आणि गल्ली ही येथील दिवाणखान्याची जागा ठरली. गावकीच्या खोलीतून भजनी मंडळ निघाले, शिमग्याला नमन-खेळे आणि गणपतीत जाखडीचे फेर झाले. दशावताराचे खेळ मैदानात रंगले. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत आणि पाळी सुटलेला कामगार तिकीट काढून पुढे बसे.

या चित्राला केवळ हळव्या नजरेने पाहणे मात्र योग्य ठरणार नाही. गावकीची खोली म्हणजे अनेकदा जातीचीही खोली असे. गिरणीत तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यामुळे विटाळाच्या कल्पनेपोटी अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. १९२८-२९ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला. ते स्वतः परळच्या चाळीत अनेक वर्षे राहिले होते. जिथे मागावर बसता येत नव्हते, तिथे रंगमंचावरही सर्वांना सारखे स्थान मिळाले असेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी उभ्या केलेल्या आंबेडकरी जलशांचे महत्त्व या संदर्भात ध्यानात येते. तमाशाचाच साचा घेऊन, गण-गौळणीच्या जागी सामाजिक प्रश्न आणणारे हे जलसे म्हणजे स्वतःची जागा स्वतः निर्माण करण्याचा प्रयत्न होता. स्त्रियांच्या बाबतीतही तेच. खानावळी चालवून शेकडो कामगारांना जेवू घालणाऱ्या बाया हा या वस्तीचा कणा होता. परंतु पाळी सुटल्यावरचा ‘मोकळा वेळ’ त्यांच्या वाट्याला आला नाही, कारण त्यांचे काम तेव्हाच सुरू होई. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कुठे त्यांची संघटना झाली.

जागेच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण लालबागच्या गणेशोत्सवात सापडते. सार्वजनिक गणेशोत्सवाची मुंबईतील सुरुवात १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत झाली. मोहरमच्या ताबुतांभोवती जमणारा मिश्र समाजाचा रस्त्यावरचा उत्सव १९१२ मध्ये पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांच्या निर्बंधांनी आकसला आणि रस्ता बव्हंशी गणपतीकडे आला. १९२८ मध्ये गणेश गल्लीचा उत्सव सुरू झाला. लालबागच्या राजाविषयी मंडळाची परंपरा असे सांगते की, पेरू चाळ येथील बाजार १९३२ मध्ये बंद पडल्यावर उघड्यावर आलेल्या कोळी बांधवांनी व विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. आज देशभरातून माणसे ज्याच्या दर्शनाला येतात, त्या उत्सवाच्या मुळाशी बाजाराच्या जागेचा प्रश्न आहे, हे कितीजणांच्या ध्यानात असते? मूर्तिकलेलाही या परिसराने वेगळे वळण दिले. दीनानाथ वेलिंग यांनी १९७७ मध्ये गणेश गल्लीसाठी घडविलेल्या बावीस फुटी मूर्तीनंतर उंच मूर्तींची प्रथा पडली. सजावट, प्रकाशयोजना, देखावे यांचे पिढीजात शिक्षण कोणत्याही कलाशाळेविना या गल्ल्यांत होत राहिले.

शाहिरांच्या बाबतीत तपशील अधिक परिचित आहेत. वाटेगावहून मुंबईत आलेले अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन केले. तमाशाला लोकनाट्याचे रूप आले ते या मंडळींच्या हातून. १९५६ ते १९६० या काळात संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जी गर्दी लोटली, तिला भाषणांइतकीच या शाहिरांची ओढ होती. गिरणी कामगाराने वाढविलेले नारायण सुर्वे १९६६ च्या ‘माझे विद्यापीठ’मधून मराठी कवितेच्या मध्यभागी आले. या काळात मुंबईचे चैतन्य गिरणगावातून कोटाकडे वाहत होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

संप आणि त्यानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही. ज्या वेळेसाठी लोखंडे यांच्या पिढीने झगडा केला, तो वेळ आता कामगाराकडे भरपूर होता. पण पगाराविना आलेला वेळ हा मोकळा वेळ नसतो. माणसे गावी गेली, फडांचा प्रेक्षक आटला. या उद्ध्वस्ततेचे अत्यंत भेदक चित्रण जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात आले आहे.

मग जागाही गेली. विकास नियंत्रण नियमावलीतील १९९१ च्या नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचे साधारणतः तीन वाटे व्हावयाचे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या सुमारे ६०० एकर जमिनीचा एकत्रित विचार करण्याची संधी दाखवून दिली. २००१ मध्ये नियम बदलला आणि हे वाटे केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरते उरले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याविरुद्ध निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. मोकळ्या जागेचा मोठा हिस्सा शहराच्या हातून निसटला, तो असा.

त्यानंतर याच आवारांत कलादालने, जाहिरात संस्था, संकल्पनकारांच्या कार्यशाळा आणि उपाहारगृहे आली. जुनी धुराडी शोभेसाठी राखली गेली. कला आणि संकल्पन यांमुळे मृत औद्योगिक वस्तीला नवजीवन मिळते, असा युक्तिवाद या संदर्भात केला जातो. तो सर्वस्वी फोल नाही. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार होऊन २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले, हा याच काळातील अत्यंत चांगला भाग आहे. परंतु ‘मृत’ हे विशेषण तपासून घ्यावयास हवे. गिरण्या बंद पडल्या होत्या, वस्ती नव्हे. चाळींत माणसे राहत होती, भजनी मंडळे चालू होती. सुधीर पटवर्धन यांच्या ‘लोअर परळ’ या चित्राकडे पाहावे. तेथे जुने आणि नवे शेजारी उभे आहे आणि माणसांनी रस्ता भरलेला आहे. नव्या आवारांत कला आली, पण तिच्या दाराशी पहारेकरीही आला. चाळीच्या चौकात तो नव्हता.

दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा नाट्यकर्मींनी विरोध केला. नव्या इमारतीत नाट्यगृह किती मोठे असेल आणि ते कोणत्या मजल्यावर असेल, असे अगदी व्यावहारिक प्रश्न त्या वादात होते. ज्यांनी कधी नाटकाचे सामान जिन्यावरून चढविले आहे, त्यांना या प्रश्नांचे वजन सांगावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीसाठी परळ भागात घेऊन गेला होता. श्रावण सुरू होता. ताडपत्रीच्या उंच मंडपात मूर्तींवर पांढरा रंग चढत होता. विद्यार्थ्यांनी माती, शाडू, साचे यांविषयी बरेच विचारले. कारागिराने सर्व नीट सांगितले आणि निघताना आम्हांलाच विचारले, “सर, तुम्ही कॉलेजचे ना? हे मैदान पुढच्या वर्षी राहणार का, काही कळलंय का तुम्हाला?”