नोंगरियाटची वाट : मेघालयातील दऱ्या, खासी गावे आणि मुळांचे पूल

मेघालयातील शिलाँगचे पठार दक्षिणेकडे एकाएकी संपते आणि त्याच्या पायथ्याशी बांगलादेशची सपाट मैदाने सुरू होतात. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे ही मैदाने ओलांडून पठाराच्या कड्यांवर आदळतात, वर चढतात आणि तेथेच कोसळतात. या कड्यावरील सोहरा, म्हणजेच चेरापुंजी, येथे वर्षाला सरासरी ११ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत येथे २६,४६१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. या पावसाने वालुकाश्म आणि चुनखडीच्या थरांत खोल दऱ्या कोरल्या असून त्यांच्या उतारांवर खासी जमातीची गावे वसली आहेत. त्यांपैकी नोंगरियाट या गावापर्यंतची एक दिवसाची पदभ्रमंती देशभरातील पर्यटकांना आकर्षित करते.

तीन हजार पायऱ्यांची उतरण

शिलाँगपासून सोहरा सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर आहे. तेथून मोटारीने तिरना या गावी पोहोचल्यावर पायवाट सुरू होते. स्थानिक वाटाडे येथेच मिळतात. तिरना ते नोंगरियाट हे अंतर तीन किलोमीटरच्या आसपास असले, तरी त्यात तीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. प्रारंभीची उतरण अत्यंत तीव्र असून गुडघ्यांवर मोठा ताण येतो. त्यामुळे बांबूची काठी सोबत घेणे हिताचे ठरते.

वाटेच्या दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, त्यांवर चढलेले पानवेल आणि मिरीचे वेल, तसेच फणस आणि तमालपत्राची झाडे दिसतात. कोकणातील वाचकांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. खासी शेतकरी पावसात डोक्यावरून पाठीपर्यंत येणारे ‘कनुप’ वापरतात. बांबू आणि पानांपासून विणलेले हे साधन म्हणजे कोकणातील इरल्याचेच भावंड होय. नोंगथिम्मई गावाच्या परिसरात रितिम्मेन हा सुमारे ३० मीटर लांबीचा मुळांचा पूल लागतो. पुढे खळाळत्या नद्यांवरील पोलादी तारांचे झुलते पूल एकेकट्याने ओलांडून नोंगरियाट गाठता येते.

मुळांचा पूल

नोंगरियाट येथील उमशियांग ओढ्यावरील दुमजली पूल हे या वाटेचे मुख्य आकर्षण आहे. हा पूल बांधलेला नसून वाढवलेला आहे. ओढ्याच्या काठावर रबरवडाचे (खासी भाषेत ‘जरी’) झाड लावले जाते. त्याची हवाई मुळे बांबूच्या आधाराने किंवा सुपारीच्या पोकळ खोडातून पलीकडच्या काठाकडे वळवली जातात. तेथे ती जमिनीत रुजली, की त्यांच्यात आणखी मुळे गुंफली जातात. माणसाचा भार पेलण्याइतका पूल तयार होण्यास साधारणपणे १५ ते ३० वर्षे लागतात. म्हणजेच झाड लावणारा माणूस बहुधा पुढील पिढीसाठीच पूल उभारत असतो.

अतिपावसाच्या या प्रदेशात लाकूड कुजते आणि लोखंड गंजते. जिवंत पूल मात्र काळाबरोबर अधिक मजबूत होत जातो. खालचा पूल पुराच्या पाण्याखाली जाऊ लागल्याने त्याच झाडाच्या मुळांपासून वरचा पूल वाढविण्यात आला, असे सांगितले जाते. हेन्री यूल यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणात खासी टेकड्यांतील अशा पुलांचे वर्णन केले होते. २०२२ मध्ये मेघालयातील या पुलांच्या परिसराचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत समावेश करण्यात आला.

गावाचे जीवन

पर्यटकासाठी ही वाट एका दिवसाची असते. ग्रामस्थांचा मात्र तो रोजचा रस्ता आहे. सुपारी, मध, तमालपत्र बाजारात न्यायचे असो, किंवा आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवायचे असो, हीच चढण चढावी लागते. ‘खोह’ नावाच्या निमुळत्या टोपलीत ओझे भरून तिचा पट्टा कपाळावर घेतलेले स्त्रीपुरुष वाटेत भेटतात. त्यांना आधी वाट देणे हा येथील शिष्टाचार आहे.

खासी समाज मातृवंशीय असून कूळ आईकडून चालते आणि वडिलोपार्जित घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. पाहुण्याचे स्वागत सुपारी, पान आणि चुना असलेल्या ‘क्वाई’ने केले जाते. पूर्वी किती क्वाई खाऊन होतील, यावरून चालण्याचे अंतर सांगितले जाई. ‘खुबलेई’ हा एकच शब्द आभार आणि निरोप या दोन्हींसाठी पुरेसा ठरतो.

वाटाड्या कशासाठी?

पायऱ्यांची वाट चुकण्याजोगी नाही. त्यामुळे वाटाड्याची आवश्यकता काय, असा प्रश्न काही जण विचारतात. मात्र दरीत ऊन असतानाही वर पठारावर झालेल्या पावसाने ओढ्यांना अचानक पूर येऊ शकतो. कोणता डोह पोहण्यास योग्य आहे, नोंगरियाटच्या पुढे असलेल्या ‘रेनबो फॉल्स’ धबधब्याकडे जाण्याइतका वेळ उरला आहे किंवा नाही, याचा अंदाज स्थानिक व्यक्तीलाच असतो. ईशान्य भारतात सूर्य लवकर मावळतो आणि डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारासच अंधारू लागते. परतीची चढण उतरणीपेक्षा अधिक वेळ घेते, हेही ध्यानात ठेवावे लागते. म्हणूनच सकाळी लवकर निघणे श्रेयस्कर असते. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ या पदभ्रमंतीस अनुकूल असतो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि जळवांचा त्रास होतो.

पुलावर एका वेळी मोजक्याच व्यक्तींनी जावे, उड्या मारू नयेत आणि मुळांची साल खरवडू नये, या गोष्टीही वाटाड्या सांगतो. झाड जिवंत आहे तोवरच पूल टिकतो. सततच्या वर्दळीने बुंध्याजवळची माती घट्ट झाली किंवा कोवळी मुळे तुडवली गेली, तर त्याची हानी होते. पुलाची निगा ग्रामस्थच राखतात. तेथे घेतले जाणारे प्रवेशशुल्क आणि वाटाड्याचे मानधन यांतून गावाला उत्पन्न मिळते. ज्या गावांत काँक्रीटचा किंवा पोलादी पूल आला, तेथे जुन्या पुलाची मुळे गुंफण्याचे काम मागे पडण्याचा धोका असतो. पर्यटन हे या कौशल्याच्या जतनास एक कारण देऊ शकते. मात्र तेच पर्यटन पुलाला न पेलवणारी गर्दीही आणू शकते.

नोंगरियाटला येणारी प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी पाठीवरून खाली आलेली असते आणि तेथे राहिलेला कचराही कोणाला तरी तीन हजार पायऱ्या वर न्यावा लागतो. आपली रिकामी बाटली आणि वेष्टने परत वर आणणे, ही या वाटेवरील प्रत्येक पर्यटकाची किमान जबाबदारी आहे.