राजाच्या नावाचे घर

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय हा एखाद्या संस्थानिकाचा ठेवा असावा, अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः 'राजा' हे दिनकर गंगाधर केळकर यांच्या बालवयात निवर्तलेल्या पुत्राचे नाव. केळकर (1896–1990) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, व्यवसाय चष्म्यांचा. सुमारे 1920 पासून त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. या उद्योगास ना पगार होता, ना कोणाचा आदेश. पत्नी कमलाबाईंची साथ मात्र अखंड लाभली.

इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठी गावोगाव फिरले. केळकर अडकित्ते, समया, दौती, वज्र्या आणि कोरीव दारे यांच्यासाठी. राजांच्या तलवारी सांभाळणारे पुष्कळ असतात. पाय घासण्याची वज्री कोण सांभाळतो? केळकरांनी ती सांभाळली, इतकेच नव्हे तर कोथरूडचा मस्तानी महाल उतरवून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला. वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा हा संग्रह त्यांनी 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

हे सारे जोयड्यात बसून लिहिण्यास कारण आहे. काळी नदीवरील धरण 1987 मध्ये पूर्ण झाले आणि जुने सुपे, पूर्वीचे तालुक्याचे ठाणे, पाण्याखाली गेले. घर सोडताना माणूस देव घेतो, जमिनीचे कागद घेतो. जड जाते आणि उखळ मागे राहते. पाण्याला मात्र सगळा दोष देता येत नाही. आमच्या घरची पितळी वज्री कोरड्या माळ्यावरूनच मोडीत गेली. ती आजीची होती, एवढेच आता आठवते. तिच्यावर मोर होता की पोपट, यावर आम्हा भावंडांत आजही एकमत नाही.

संग्रहालयात स्वेच्छेने काम करणे म्हणजे पाहुण्यांना दालने दाखविणे, असे आपण समजतो. खरे काम नोंदवहीत असते. वस्तू कोणाच्या घरची, कशासाठी वापरीत, घरात तिला काय म्हणत, हे विचारून लिहावयाचे. नंतर वस्तूवर क्रमांक घालावयाचा. हा क्रम उलटला की क्रमांक उरतो आणि सांगणारे माणूस निघून जाते. आपल्या वाड्यावस्त्यांवरील कित्येक वस्तूंची नावे आज दोन-तीन वृद्ध स्त्रियांनाच ठाऊक आहेत. त्यांच्याकडे जाण्यास इमारत लागत नाही. वही लागते, आणि दुपारचा निवांत वेळ.